मधलं नाव

मंगळवारी सकाळी साडेदहाला पोलीस ठाण्यातून दोन माणसं शमीमच्या दुकानात आली. एक हवालदार होता आणि एक महिला शिपाई. हवालदाराने शमीमला कागद दिला. तिने गुरुवारी सकाळी लातूर सोडायचं होतं आणि शनिवारपर्यंत देश. तिने कागद वाचला, पोचपावतीवर सही केली. नंतर मशीनखालची साडी काढून तिची घडी घातली.

ती साडी माझी होती. मी समोरच्या स्टुलावर बसले होते. शमीम म्हणाली, "बाई, तुमचं अर्धं राहिलं. उद्या देते."

दुसऱ्या दिवशी तिने ती दिली.

आमच्या गल्लीत शमीमचं फॉल-पिकोचं दुकान जवळजवळ तीस वर्षं होतं. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एक मशीन, एक स्टूल, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली दोऱ्यांची रिळं, आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा. फॉलचा रंग जुळवायचा असला की ती साडी घेऊन उंबऱ्याबाहेर जाई, पदर उन्हात धरी, डोळे बारीक करून एकेक तुकडा लावून बघे. खोलीत दिवा होता, पण रंगाच्या बाबतीत तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "ट्यूबलाइट खोटं बोलते," असं ती म्हणायची. काम झालं की त्या साडीच्या फॉलचा बोटभर तुकडा ती डब्यात टाकी. पुढे कधी फॉल उसवला तर दुसरा तोच रंग मिळावा म्हणून. तुकड्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली असे आणि चिठ्ठीवर साडीवालीचं पूर्ण नाव. पूर्णच पाहिजे, असा तिचा आग्रह. गल्लीत चार सुरेखा होत्या आणि एकदा एकीची पैठणी दुसरीकडे गेली होती.

माझी तिची ओळख या पूर्ण नावावरूनच झाली. मी तेव्हा जवळच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. पहिल्यांदा साडी टाकायला गेले तेव्हा तिने नाव विचारलं. मी सांगितलं, सुलभा मधुकर देशमुख. तिने ते हळूहळू मराठीत लिहिलं. मराठी अक्षरं ती एसटीच्या पाट्यांवरून शिकली होती, त्यामुळे तिचं अक्षर पाटीसारखंच ठळक आणि सुटं होतं. लिहून झाल्यावर तिने विचारलं, "मधुकरभाई काय करतात?"

मी म्हटलं, वारले.

तिने पेन खाली ठेवलं. मला पाणी दिलं. पुढचे चार-पाच महिने मी गेले की ती माझं काम सगळ्यांच्या आधी करी, हिरव्या रंगाचं काही दाखवत नसे, आणि कुणी नवऱ्याची तक्रार सुरू केली की माझ्याकडे बघून तिला गप्प करी. मला यातलं काहीच कळलं नव्हतं. शेवटी एकदा बोलता बोलता मी वडिलांच्या हाताच्या भाकरीबद्दल सांगितलं, मधुकरराव देशमुखांच्या, आणि शमीम मशीन थांबवून माझ्याकडे बघतच राहिली. मी लग्न केलेलं नाही हे तिला तेव्हा कळलं. आमच्याकडे मुलीच्या नावात मध्ये बापाचं नाव असतं, लग्न झालं की तिथे नवऱ्याचं येतं, हेही तेव्हाच कळलं.

"म्हणजे लग्न झालं की बाप पुसायचा?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तसंच काहीसं.

"अन् तुम्ही पुसला नाही." एवढं बोलून ती हसायला लागली, ती किती तरी वेळ. "मी उगीच मधुकरभाईसाठी दुवा मागून राहिले होते, बाई."

शमीम कराचीची. पण तिचे वडील, अब्दुल रहीम, औशाचे. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत दहा-अकरा वर्षांचा मुलगा घरच्यांबरोबर गेला तो परत आला नाही. मात्र मागे राहिलेल्या बहिणीच्या मुलाला, खालेदला, त्यांनी आपली मुलगी दिली. खालेद तांबोळी लातूरच्या बसस्थानकाजवळ घड्याळं दुरुस्त करायचे. भूकंपाच्या आदल्या वर्षी शमीम लग्न होऊन इथे आली. येताना तिला मराठीतल्या मोजून पाच गोष्टी येत होत्या: गप बस, हात धू, उठ आता, पुरे, आणि आलोच. पहिल्या चार वडिलांनी तिला रागावताना वापरलेल्या. पाचवी ते दाराबाहेर पडताना म्हणत. त्यामुळे निरोप घेताना मराठीत 'आलोच' म्हणतात, अशी तिची समजूत होती. बाईने 'आलेच' म्हणायचं हे तिला पुढे पुष्कळांनी सांगितलं. बाकीचं मराठी तिने सुधारून घेतलं, हे एक नाही. दुकानातून दोन मिनिटं आत जायचं असलं तरी ती "आलोच" म्हणून जायची.

औशाचा किस्सा खालेदभाई सांगत आणि ती मधूनमधून दुरुस्त करी. लग्नानंतर महिनाभरात ते तिला तिथे घेऊन गेले. बसमधून उतरल्यावर ते कुणाला तरी विचारणार, तोवर ही पुढे चालायला लागली. किल्ल्याचा दरवाजा पाठीशी ठेवायचा, मग डावीकडे, मग जिथे गल्ली इतकी अरुंद होते की दोन्ही भिंतींना हात लागतात तिथून पुढे तिसरं दार. वडिलांनी लहानपणापासून गोष्टीसारखं सांगितलेलं. तिसऱ्या दाराशी पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्याने पांढऱ्या भुवया वर करून पाहिलं आणि म्हणाला, "बसा की." शमीमला त्यातलं 'बस' तेवढं कळलं. आपल्याला गप्प बसायला सांगितलं असं समजून ती तोंड मिटून, हात बांधून उभीच राहिली. गिरणीवाला पुन्हा म्हणाला, बसा. ती आणखी ताठ झाली.

"अब्बाच्या घरात शिरले अन् लगेच कुणीतरी रागावलं," ती सांगायची. "तेव्हा मला खातरी पटली, घर हेच."

तिचा व्हिसा जिल्ह्यापुरता होता. लातूर जिल्ह्यात कुठेही जावं, बाहेर जायचं तर परवानगी. शिवाय ठरलेल्या तारखेला ठाण्यात जाऊन नोंद करायची. ही नोंद तिने कधी चुकवली नाही. भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची तारीख होती. सगळं शहर रस्त्यावर होतं, किल्लारीकडे जीपा आणि ट्रक धावत होते, ठाण्यातली बहुतेक माणसं तिकडेच गेलेली. शमीम डोक्यावर पदर घेऊन, नोंदीची वही हातात धरून तिथे पोचली. एकटा म्हातारा हवालदार टेबल अंगणात काढून बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, इथं भुई हालून राहिली, अन् तुम्ही हजेरी द्यायला आल्या व्हय?"

ती म्हणाली, "साहेब, तारीख हाय ना आज."

त्याने सही केली. मग म्हणाला की तिकडं पोरांच्या अंगावर कपडे नाहीत, तुम्हाला शिवता येतं का. शमीमला तोवर फक्त हातशिलाई यायची. तिने शेजारणीचं मशीन मागून आणलं आणि आठवडाभर लहान मुलांचे झबले आणि चड्ड्या शिवल्या. ती मशीन शिकली ती अशी. तो हवालदार पुढे निवृत्त होईपर्यंत दरवेळी तिचं नाव स्वतःच लिहून ठेवी. त्याला तिचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पारपत्राचा क्रमांक सगळं पाठ होतं. चूक होण्याचा प्रश्नच नव्हता.

तिला एकच मुलगी, नाझनीन. ती नांदेडला दिली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, पण सातव्या महिन्यानंतर डॉक्टरांनी नाझनीनला प्रवास करू नको म्हणून सांगितलं. शमीमने नांदेडला जायच्या परवानगीचा अर्ज केला. अर्ज इथून तिथे आणि तिथून इथे फिरत राहिला. मुलगी झाली. नाव सना ठेवलं. परवानगी आली नव्हती. शमीम दुकानात बसून दुसऱ्यांच्या नातवंडांच्या बारशाच्या साड्यांना फॉल लावत होती. मी विचारलं की अर्जाचं काय झालं, तर म्हणाली, "चालून राहिलाय, बाई. पायी येत असंल."

सना चाळीस दिवसांची झाल्यावर नाझनीनने मार्ग काढला. नांदेडच्या रस्त्यावर अहमदपूर हे लातूर जिल्ह्यातलं शेवटचं मोठं गाव, आणि दोन्ही शहरांच्या साधारण मध्यावर. ती बाळाला घेऊन तिकडून अहमदपूरला आली, ही इकडून गेली. दोघी बसस्थानकाच्या बाकावर बसल्या. शमीमने डबा नेला होता, डिंकाचे लाडू नेले होते, तेलाची बाटली नेली होती. बाकावरच तिने नातीला मांडीवर पालथं घातलं आणि तेल लावलं. एसटीचा कंट्रोलर खिडकीतून बघत होता. तो बाहेर येऊन काही बोलेल असं तिला वाटलं. त्याने पंखा त्यांच्याकडे वळवला.

परवानगी नंतर आली, आठ दिवसांची. ती नांदेडला जाऊन आली. पण अहमदपूरची सवय राहिली. महिन्यातून एकदा, बहुधा रविवारी, दोघी तिथे भेटत. दुपारच्या गाडीने आपापल्या घरी. सना बोलायला लागली तेव्हा नानी कुठे राहते असं विचारलं की ती 'अमदपूर' म्हणायची. तिला वाटायचं नानीचं घर म्हणजे तो बाक.

आता माझ्या भागाचं लिहायला हवं. ते मी पुढे ढकलत आले आहे.

व्हिसा वाढवायचा अर्ज पूर्वी ठाण्यात हाताने भरला जाई. नंतर तो संगणकावर आला. जुना हवालदार कधीच निवृत्त झाला होता. खालेदभाईंना कागद म्हटला की घाम फुटायचा. नागरिकत्वाचा अर्ज त्यांनी कितीतरी वर्षांपूर्वी केला होता आणि तो 'वर गेला आहे' याखेरीज त्याची खबर नव्हती. म्हणून शमीम माझ्याकडे आली. मी आयुष्यभर नोंदी केल्या होत्या, माझ्याइतकी योग्य व्यक्ती गल्लीत नव्हती. माझ्या जेवणाच्या टेबलाशी संगणक उघडून आम्ही दोघी बसलो. पहिल्याच रकान्यात नाव होतं. माझ्या हातांनी ते आपोआप लिहिलं. शमीम खालेद तांबोळी. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. मतदार यादीत, शिधापत्रिकेवर, लग्नपत्रिकेवर बाईचं नाव जसं लिहितात तसं.

शमीमने पडद्याजवळ तोंड नेऊन ते वाचलं. एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. मग म्हणाली, "इथल्यासारखं दिसून राहिलं, बाई."

तिला आवडलं होतं. मलाही. पारपत्र शेजारीच उघडं होतं आणि त्यावर शमीम अब्दुल रहीम असं होतं. आम्ही दोघींनी ते पाहिलं नाही असं नाही. क्रमांक मी त्यातूनच उतरवून घेतला, दोनदा तपासला. नाव तपासायची गरज वाटली नाही. नाव तर आम्हाला ठाऊकच होतं.

अर्ज साडेचार महिन्यांनी परत आला. शेरा होता: नावात तफावत. मी तो त्याच दिवशी नीट भरून पुन्हा पाठवला. सोबत प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, खालेदभाईंची कागदपत्रं. उत्तर होतं: विचाराधीन. तोवर आधीच्या व्हिसाची मुदत संपून गेली होती.

मग ते दिवस आले. दूर उत्तरेत निरपराध माणसं मारली गेली होती. देशभर राग होता, मलाही होता, शमीमला माझ्याहून जास्त होता. बातम्या लागल्या की ती मशीन थांबवून बसे. पलीकडच्या देशाच्या लोकांनी परत जावं असा हुकूम निघाला. दीर्घ मुदतीचा व्हिसा चालू असेल त्यांना सूट होती. शमीमचा चालू नव्हता, विचाराधीन होता. मी ठाण्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने मला खुर्ची दिली, अर्ज वाचला, चूक कशी झाली ते समजून घेतलं. "मॅडम, मला कळून राहिलंय," तो म्हणाला. "पण माझ्याकडं दोनच रकाने हायेत. आहे, नाही. तुमचं तिसऱ्यात बसतंय, अन् तिसरा न्हाई."

मी शमीमला सांगितलं की चूक माझी होती. तिने माझ्याकडे न बघता सुईत दोरा ओवला. म्हणाली, "मी बाजूलाच बसले होते की, बाई. मला लिहिता येतं, वाचता येतं." मग दोऱ्याला गाठ मारून टाके घालायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

बुधवारी तिने दुकानातल्या सगळ्या साड्या पूर्ण केल्या. कुणाला न्यायला बोलावलं नाही, घरोघरी स्वतः जाऊन दिल्या. पिशवी हातात देताना फॉलचे टाके दाखवायची, नेहमीसारखी. बायका रडल्या की त्यांना "पुरे" म्हणायची. कागद घेऊन आलेली ती महिला शिपाई, पल्लवी, हिची लवकरच होणाऱ्या लग्नातली साडीही शमीमकडे होती. मंगळवारी त्या पोरीने ते बोलायची हिंमत केली नव्हती. शमीमने ती साडी सर्वांत शेवटी केली, कारण काठ जड होता आणि त्याला हाताने टाके घालावे लागतात.

गुरुवारी सकाळी ठाण्याच्या आवारात गाडी उभी होती. नाझनीन नांदेडहून आली होती. खालेदभाई कडुलिंबाखाली उभे राहून शमीमच्या मनगटी घड्याळाला किल्ली देत होते. ते घड्याळ त्यांनीच तिला दिलेलं, रोज किल्ली द्यावी लागणारं, आणि ती रोज त्यांच्याकडूनच देऊन घ्यायची. "तिथं कोण देईल," एवढंच ते म्हणाले. ते तिच्याबरोबर जाऊ शकत नव्हते. त्यांच्याकडे पारपत्रही नव्हतं. सना इकडेतिकडे बघत होती. हे अहमदपूर नाही हे तिला कळत होतं, पण नानी इथे कशी हे कळत नव्हतं.

पल्लवी गाडीबरोबर सीमेपर्यंत जाणार होती. तिने हळूच विचारलं, "मावशी, पाणी घेता का?" शमीमने पाणी घेतलं आणि साडीची पिशवी तिच्या हातात दिली. चिठ्ठीवर पल्लवीचं पूर्ण नाव होतं, मध्ये वडिलांचं.

"लगीन झालं तरी कागदावर हेच ठेव गं," शमीम तिला म्हणाली. "घरी काय म्हणायचं ते म्हणू दे."

मी तिथेच उभी होते. मला लागावं म्हणून ती बोलली नव्हती. तिचं लक्ष त्या पोरीकडे होतं, आणि पिशवीचा बंद नीट बसलाय का याच्याकडे.

गाडीत बसण्याआधी तिने बिस्किटांचा डबा माझ्याकडे दिला. कुणाचा फॉल उसवला तर रंग यातून काढा, म्हणाली. आणि दाराशी हात टेकून, आत चढता चढता, सवयीने म्हणाली, "आलोच, बाई."

तिच्या वडिलांचा शब्द, तसाच्या तसा. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा ती पुढच्या जाळीतून रस्त्याकडे बघत होती. तिचा चेहरा मला दिसला नाही. हिरव्या पदराचा काठ तेवढा दिसला.

कराचीत आता तिचं सख्खं कुणी नाही. आईवडील कधीच गेले. एका चुलतभावाच्या मुलाने तिला जिन्याखालची खोली दिली आहे. फोनवर तिने सांगितलं की तिथले लोक तिला 'हिंदुस्तानी खाला', म्हणजे मावशी, म्हणतात, आणि त्या घरातली पोरं दंगा करायला लागली की तिच्या तोंडून 'गप बस' निघतं. पोरं बसत नाहीत. त्यांना कळतच नाही.

मी ग्रंथपाल होते, कायद्याची जाणकार नाही. पण नोंदींबद्दल थोडं ठाऊक आहे. दाखल नोंदवहीत लेखकाचं नाव चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची, शेजारी लाल शाईने बरोबर नाव लिहायचं, खाली सही आणि तारीख. पुस्तक तोवर कपाटातच असतं. नोंद चुकली म्हणून कुणी पुस्तक गावाबाहेर नेऊन ठेवत नाही. देशात कोण आलं, कोण राहिलं हे सरकारने पाहायलाच हवं. शमीम तर भुई हलत असताना स्वतः जाऊन दाखवत होती. पण जिचा नवरा इथला, मुलगी इथली, जिची हजेरी एकाच ठाण्यात तीसहून अधिक वर्षांची, तिचा अर्ज विचाराधीन असेल तर विचार पूर्ण होईपर्यंत तिला तिच्या घरी राहू द्यावं. तिचं म्हणणं ऐकायला कुणीतरी माणूस असावा, आणि त्याच्याजवळ तिसरा रकाना असावा. इतक्या वर्षांनंतर तिला पाहुणी म्हणून मुदत मागायला लावू नये. हे सगळं मी पत्रात लिहून जिल्ह्याच्या कार्यालयात दिलं. त्यांनी आवक क्रमांक दिला. नंतर दोनदा स्मरणपत्र दिलं. त्यांचेही क्रमांक आहेत.

खालेदभाई सकाळी दहाला दुकानाचं दार उघडतात आणि संध्याकाळी लावतात. त्यांना फॉल लावता येत नाही. कुणी साडी घेऊन आलं तर ते बसायला सांगतात. गेल्या महिन्यात चौघींपैकी एका सुरेखाचा फॉल उसवला. मी डबा उघडला, चिठ्ठी शोधली, तुकडा घेऊन उंबऱ्याबाहेर उन्हात गेले. रंग जुळला. शिवणारं कुणी नव्हतं म्हणून ती साडी दुसऱ्या गल्लीत दिली.

सना शाळेत जायला लागली आहे. नाझनीन अजून महिन्यातून एकदा तिला अहमदपूरला आणते; इकडून खालेदभाई जातात. तिघं त्या बाकावर बसतात.

शमीमचा अर्ज विचाराधीन आहे. त्यावर तिचं नाव आता बरोबर आहे. शमीम अब्दुल रहीम.